पेट्रोल पंप की फवारणी पंप?

*काकाजी, नमस्कार.*

*मी चौतीस वर्षांचा आहे. पांढरकवड्यापासून चौदा किलोमीटरवर आमचं गाव. पांढरकवड्यातच एका कृषी केंद्रात सहा सालांपासून काउंटरवर आहे. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सात. पगार ११ हजार, दोन सालांपासून तेवढाच. घरी चार एकर कोरडवाहू, पऱ्हाटी आणि तूर. वावर बाबा पाहतात, सुट्टीच्या दिवशी मी. रानडुकरं आणि रोही म्हणजे नीलगाई, त्यांच्यापायी रात्री जागल करावी लागते. हप्त्यातून तीन रात्री मी जातो, बाकी बाबा. घरी आई, बायको, आठवीतली पोरगी, पाचवीतला पोरगा आणि एक गाय. बायको ब्लाउज शिवते. मला फवारणीचे पंप दुरुस्त करता येतात, गावातले लोक घेऊन येतात, पण त्याचे पैसे काय घ्यायचे.*

*बहिणीच्या लग्नाची राहिलेली उधारी मिटवायला आणि घरावरचे टिन बदलायला बायकोच्या नावावर फायनान्सचे ५० हजार काढले. व्याज महिन्याला दोन रुपये शेकडा, वर्षभर महिन्याला ४,७३० चा हप्ता, दिवाळीपासून सुरू. हायवेवरच्या पेट्रोल पंपाचा मॅनेजर ओळखीचा आहे. रात्री आठ ते एक, महिन्याला ६,५०० देतो म्हणतो, चार सुट्ट्या. बाबा म्हणतात झेपत असेल तर कर. साडूभाऊ म्हणतात पंपावर कशाला झिजता, माझ्यासंग कंपनीत या, माणसं जोडा. मित्र म्हणतात साडेसहा हजार कोण देते आजकाल. दुसरी नोकरी परवडते का? नाव-गाव छापू नका.*

भाऊ,

साडेसहा हजार हा पंपवाल्याचा आकडा झाला. तुमचा आकडा अजून निघायचा आहे, तो काढू.

गाव चौदा किलोमीटर, पंप पांढरकवड्याच्या दुसऱ्या अंगाला नऊ किलोमीटर, असं तुम्ही पत्राच्या मागच्या पानावर लिहिलंय. म्हणजे दुकानातून पंप नऊ, पंपावरून घर तेवीस. आज दिवसाला अठ्ठावीस किलोमीटर गाडी चालते, ती शेहेचाळीस चालेल. रोजचे अठरा जास्तीचे, सव्वीस दिवसांचे ४६८. गाडी लिटरला पन्नास देते असं धरू, पेट्रोल १०५ रुपये धरू. झाले ९८५. ऑइल, टायर, ब्रेक यांचे ३००. रात्री आठ ते एक माणूस उपाशी राहत नाही. चहा आणि आलुबोंडा मिळून रोजचे चाळीस, महिन्याचे १,०४०. पंपावर हिशेब कमी भरला की तो कोणाच्या पगारातून कापतात हे मॅनेजरला विचारा. अंधारात पाचशेची खोटी नोट घेतली तर ती कोणाची, हेही विचारा. त्याचे मी ३०० च धरतो. एकूण २,६२५. हातात उरले ३,८७५.

आता तास. पंपवाला पाच तास म्हणतो. तुम्ही आज साडेसातला घरी असता. पंपावर गेलात तर दुकान सातला बंद, आठपर्यंत कुठेतरी ताटकळणं, एकला सुट्टी, तेवीस किलोमीटर अंधारातून, घरी पोचायला पावणेदोन. सहा तासांच्या वर गेले. महिन्याचे १६० तास होतात. ३,८७५ भागिले १६०.

तासाला चोवीस रुपये.

तुमच्याच वावरात कापूस वेचायला येणाऱ्या बाया किलोला दहा रुपये घेत असतील. दिवसात चाळीस किलो वेचणारी बाई आठ तासांत चारशे घेऊन जाते, तासाला पन्नास. तीही घरी सूर्य मावळायच्या आत. हे मी तुम्हाला चिडवायला सांगत नाही. हिशेब असा मांडला नाही तर ‘साडेसहा हजार’ हा शब्दच डोक्यात घुमत राहतो आणि माणूस त्या शब्दाला हो म्हणून बसतो.

आणि या चोवीस रुपयांत जागल धरलेली नाही.

पऱ्हाटीत तुरीची तासं आहेत म्हणता. तूर आता फुलावर येईल, मग शेंगा धरेल, आणि दिवाळी ते संक्रांत हेच दिवस डुकरांचे आणि रोह्यांचे. आज तुम्ही तीन रात्री जाता म्हणून बाबांना चार रात्री झोप मिळते... नाही, उलट लिहिलं. तीन रात्री झोप मिळते, चार रात्री ते मचाणावर असतात. तुम्ही पंपावर गेलात की साती रात्री ते. वय तुम्ही लिहिलं नाही, पण तुमच्यावरून अंदाज येतो. त्यांनी ‘झेपत असेल तर कर’ म्हटलं, ते तुम्हाला झेपत असेल तर म्हटलं. स्वतःला झेपेल का, हे आपल्याकडचा बाप कधी बोलून दाखवत नाही. दोन रात्री त्यांना ताप आला आणि कळप आत शिरला तर काय जातं? २०२५-२६ च्या हंगामासाठी तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० होता. बाजारात त्याहून कमीच मिळेल म्हणून ७,००० धरा. दोन क्विंटल गेली तर १४ हजार. पंपावरचे साडेतीन महिने दोन रात्रींत उडाले. वनविभागाकडे अर्ज करता येतो, पंचनामा होतो, भरपाईही मिळते. पण हप्ता त्या भरपाईसाठी थांबत नाही.

रस्त्याबद्दल तर तुम्हाला मी काय सांगावं! टिपेश्वरचं वाघांचं अभयारण्य तुमच्या उशाशी. नोव्हेंबर २०१८ मध्ये ती नरभक्षक ठरवलेली अवनी वाघीण मारली गेली, तोवर पांढरकवडा-राळेगावच्या टापूत संध्याकाळी सहानंतर माणसं बाहेर पडत नव्हती हे तुम्ही पाहिलेलं आहे. खरं सांगायचं तर वाघाची भीती मला कमी वाटते. हायवेवर रात्री एकला विनालाइटचा ट्रॅक्टर कापसाचे बोंद्रे भरून उभा असतो, आणि दिवसभर काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाचे डोळे त्याच वेळी मिटतात.

काउंटरवरून आठवलं. तुम्ही काय विकता, याचा विचार केलात का? किराणा दुकानात झोपाळलेल्या माणसाने साखरेऐवजी मीठ दिलं तर गिऱ्हाईक शिव्या देऊन बदलून नेतं. तुम्ही औषधं विकता. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जीव गेले. तुम्ही तेव्हा या धंद्यात नव्हता, पण घरोघरची हालत पाहिलीच असेल. पावणेदोनला घरी, दोनला अंथरुणावर, सहाला गाईच्या धारेला. चार तासांच्या झोपेवर शेतकऱ्याला सांगायचं की पंपाला किती मिली, कशात काय मिसळू नको. एखाद्या दिवशी तुमच्या तोंडून पंधराचे पन्नास निघाले तर? पहिली नोकरी जाईल ती गोष्ट मागाहूनची.

माझं स्वतःचं सांगतो. एका सहकारी बँकेच्या खेड्यातल्या शाखेत मी एकतीस वर्षं काढली. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, १९९३ च्या हंगामात, मी संध्याकाळी एका धान्याच्या अडत्याकडे वह्या लिहायला जायचो. बँक साडेपाचला सुटायची, सहा ते नऊ अडत. बँकेची परवानगी काढली नव्हती, काढली असती तर मिळाली नसती. पहिल्या साली विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटार बसवायची होती. तेवढे पैसे झाले, मोटार बसली, मी अडत्याला रामराम केला. झकास झालं. दुसऱ्या साली काहीच ठरलेलं नव्हतं, नुसती चटक लागली होती. अडत्याने बोलावलं, मी गेलो. त्या सालच्या पैशाचं काय झालं, आज आठवत नाही. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी बँकेची कॅश अठराशेने कमी भरली. रात्री अकरापर्यंत बंडलं मोजली. चूक माझीच होती, दुपारी झापड आली असताना एका खातेदाराला जास्त दिले होते. त्याने आणून दिले नाहीत. अठराशे मी भरले, वर मेमो. मेमोतून अडतीचं प्रकरण निघालं आणि बढती दोन वर्षं पुढे गेली. बायकोने एक शब्द काढला नाही, फक्त त्या महिन्यात भाजीत तेल दिसेना.

म्हणून दुसरं काम करू पाहणाऱ्या कोणालाही मी पहिलं विचारतो ते हे की पैसा कशाला पाहिजे आणि कधीपर्यंत. तुमचं उत्तर पत्रातच आहे: ४,७३०, बारा महिने. पण मग पंपाचे ३,८७५ त्यालाही पुरत नाहीत, हे तुमच्या लक्षात आलं का?

तेव्हा हप्त्यालाच हात घालू.

बायकोच्या नावावर कर्ज आहे. ती बचत गटात आहे का, हे तुम्ही लिहिलं नाही. नसेल तर आजच सामील व्हायला सांगा. असेल तर पुढच्या बैठकीत हा विषय मांडायला सांगा. ‘उमेद’ या सरकारी अभियानातल्या गटांना बँका ३ लाखांपर्यंत वर्षाला ७ टक्क्यांनी कर्ज देतात. गट ते पैसे आपल्या बायांना स्वतःच्या दराने देतो, बहुतेक ठिकाणी महिन्याला एक रुपया शेकडा. तुम्ही दोन रुपयांनी घेतलंय. गटाकडून ५० हजार एक रुपयाने, दोन वर्षांच्या मुदतीवर मिळाले तर हप्ता येतो साधारण २,३५०. आजच्या हप्त्याच्या निम्मा. एकूण व्याजात फारसा फरक नाही, दोन्हीकडे साडेसहा हजारांच्या आसपासच. म्हणजे तेवढ्याच व्याजात तुम्हाला दुप्पट मुदत मिळते. गटातून मिळालेल्या पैशाने फायनान्सवाल्यांचं खातं बंद करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमाप्रमाणे अशा सूक्ष्म कर्जाला मुदतीआधी फेडण्याचा दंड लावता येत नाही. वसुलीवाला पोरगा ‘वर्षाच्या आत बंद होत नाही ताई’ म्हणेल. त्याला लेखी मागा, तो गप्प बसेल.

गट पूर्ण ५० देईलच असं नाही. तीस दिले तरी घ्या. गटाचं स्वतःचं चालू कर्ज असेल तर थांबावं लागेल, बायांची मनधरणी करावी लागेल, अध्यक्षबाईच्या घरी चहाला जावं लागेल. पण ही धावपळ एकदाची, रोज रात्रीची नाही.

एक दुसरी गोष्ट, इथेच सांगून टाकतो. हप्त्याच्या धास्तीने सोसायटीचं पीककर्ज थकवू नका. मुदतीत फेडलं तर ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज पंजाबराव देशमुख योजनेत बिनव्याजी पडतं. बिनव्याजी पैसा थकवून दोन रुपये शेकड्याचा हप्ता भरणारे मी शेकड्याने पाहिलेत. वसुलीवाला दारात येऊन बसतो आणि सोसायटीचा सचिव येत नाही, एवढंच कारण.

तर आता भोक ४,७३० चं राहिलं नाही, २,३५० चं राहिलं. ते कुठून बुजवायचं?

पहिलं तुमच्या मालकाकडून. सहा सालं झाली, दोन सालांपासून पगार तिथेच. दुकानांसाठी सरकारचे किमान वेतनाचे दर असतात, परिमंडळाप्रमाणे वेगळे, आणि त्यावरचा विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो. यवतमाळच्या कामगार कार्यालयात तुमच्या परिमंडळाचा चालू दर विचारून या. तुमचे ११ हजार त्याच्या खाली असतील तर तुम्ही मेहेरबानी मागत नाही, हक्काचं मागताय. तरी कागद नाचवत जाऊ नका. खेड्यातलं दुकान आहे, मालकाच्या पोराच्या लग्नात तुम्हीच वाढायला असणार. हंगाम संपून मालक हिशेबाला बसतो तेव्हा, दुपारच्या वेळी, गिऱ्हाईक नसताना बोला. पंपावरून बोलावणं आलंय, हेही सांगा. खोटं तर नाही. काउंटरवरचा जाणता माणूस जूनमध्ये गेला तर काय होतं, हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

दुसरं तुमच्या बायकोकडून. पत्रात बाबांचं म्हणणं आहे, साडूचं आहे, मित्रांचं आहे. ज्यांच्या नावावर कर्ज आहे त्यांचं एक वाक्य नाही. तुम्ही रात्रभर बाहेर राहिलात की गाय, पोरं, सासू, चूल, सगळं त्यांच्या अंगावर पडेल आणि मशीन बंद पडेल. म्हणजे पंपाच्या पगारातून ब्लाउजचेही पैसे वजा करा! उलटं करून पाहा. साडेसातला घरी येता, तर गाईचं आणि पोरांच्या अभ्यासाचं तुम्ही बघा. त्यांना रोजचे दोन तास सलग मशीनवर बसता आलं तर किती ब्लाउज निघतात हे त्याच सांगतील. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई येतेय. आपल्याकडे लोक दुसऱ्या नोकरीचं बोलतात तेव्हा दुसरी नोकरी पुरुषाचीच असते असं का धरतात, मला कधी उमगलं नाही.

तिसरं ते पत्राच्या एका कोपऱ्यात तुम्ही दडवून ठेवलंय. ‘पैसे काय घ्यायचे.’ काहून नाही घ्यायचे?

तुमच्या गावात बॅटरीवरचे पंप किती असतील? घरटी एक तरी. हंगाम संपला की लोक तो तसाच माळ्यावर टाकतात, बॅटरी सहा महिने उतरलेली पडून राहते आणि मरते. मग जुलैत ऐन फवारणीत धावपळ. कोणाचा चार्जर गेला, कोणाची मोटार दाब धरत नाही, कोणाच्या लान्समधून गळतं, कोणाच्या नोझलमध्ये कचरा. बहुतेक वेळा वॉशर, ओ-रिंग किंवा स्विच, म्हणजे वीस-पन्नास रुपयांची वस्तू. आणि शेतकरी दोन-अडीच हजारांचा नवा पंप घेऊन मोकळा होतो, कारण दुरुस्त करणारा यवतमाळला. गळका पंप पाठीवर घेऊन फवारणं म्हणजे काय, ते वर लिहिलंच आहे. तुम्हाला हे काम येतं, स्पेअर कुठे मिळतात माहीत आहे, आणि सगळा तालुका तुमच्या काउंटरवर येतो. पेट्रोल पंपावर तुमच्या जागी उद्या कोणीही उभा राहू शकतो. इथे नाही राहू शकत.

मालकाला मात्र विचारून करा. तो नवे पंप विकतो. तुम्ही जुने जिवंत करताय म्हटल्यावर त्याला वाटेल, हा माझंच गिऱ्हाईक तोडतोय. त्याला सांगा की स्पेअर तुमच्याच दुकानातून घेईन, आणि पंप दुरुस्तीला आलेला माणूस औषधही इथूनच नेईल. बाजाराच्या दिवशी दुकानाच्या ओट्यावर एक तास मिळाला तरी पुष्कळ. बाकीचं सुट्टीच्या दिवशी घरी. मजुरी शंभर ठेवा. हंगामात महिन्याला वीस पंप आले तर दोन हजार झाले, पेट्रोल न जाळता. पहिल्या महिन्यात पाचच येतील, तेही काकाचे आणि मामाचे, आणि दोघंही पैसे द्यायचे नाहीत. काकाला फुकट करून द्या, मामाकडून घ्या. कोणाकडून तरी सुरुवात करावीच लागते.

आत्ता ऑक्टोबर आहे, कापसाची फवारणी सरत आली. पण हिवाळ्यात गावात फिरून माळ्यावरचे पंप गोळा करा, बॅटऱ्या तपासा, ज्या जिवंत आहेत त्या महिन्यातून एकदा चार्ज करून ठेवायला सांगा. जुलैत ते तुमच्याकडेच येतील.

पोरीबद्दल. आठवीत आहे. जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत असेल तर एनएमएमएस शिष्यवृत्तीचा फॉर्म भरलाय का, हे उद्याच्या उद्या गुरुजींना विचारा. आठवीत परीक्षा, उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख, निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार. चार वर्षांचे ४८ हजार. तुमच्या पेट्रोल पंपाची एका पूर्ण सालाची कमाई ४६,५०० निघते. निवड होईलच असं कोणी सांगू शकत नाही, पण रोज संध्याकाळी तासभर बाप शेजारी बसला तर शक्यता वाढते, मग बापाला गणित येवो न येवो. पोरगा पाचवीत म्हणजे त्याचं नवोदयच्या प्रवेश परीक्षेचं हेच वर्ष. दोन पोरांची दोन महत्त्वाची सालं एकाच हिवाळ्यात आली आहेत, आणि नेमक्या त्याच हिवाळ्यात तुम्ही रात्री एकपर्यंत बाहेर राहायला निघालात.

साडूभाऊंचं थोडक्यात उरकतो. माल विकून कमिशन मिळत असेल तर तो धंदा आहे. आत शिरायला पैसे भरावे लागत असतील आणि कमाई माणसं जोडल्याची असेल तर तो धंदा नाही. थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांत त्याला मनाई आहे. साडू दुखावेल म्हणून पाच-दहा हजार भरणारे बरेच असतात. त्याला जेवायला बोलवा, पाटवडी-रस्सा करा, आणि कंपनीचा विषय निघाला की पोरीच्या परीक्षेचा विषय काढा. तसंच मोबाइलवर ‘लाइक करा, रोज हजार कमवा’ असं कोणी पाठवलं तर तिकडे फिरकू नका. कोणी फसलाच तर १९३० वर लगेच फोन करायचा, तासाभरात केला तर पैसे अडकवता येण्याची आशा असते.

शहरातली पोरं दोन-दोन नोकऱ्या करतात, असंही तुमच्या मित्रांनी म्हटलं असेल. करतात. २०२२ साली विप्रोने त्यापायी तीनशे जणांना घरी बसवलं, ते पेपरात गाजलं होतं. पण त्या पोरांची दुसरी नोकरी त्याच खुर्चीवर, त्याच पंख्याखाली होती. तुमची तेवीस किलोमीटर अंधाराच्या पलीकडे आहे.

आता एवढं सगळं करूनही भोक बुजलं नाही, मालक हलला नाही, गटाने हात वर केले, तर? तर पंपावर जा. पण दिवाळीपासून नाही. मॅनेजरला सांगा, फेब्रुवारी ते मे येतो. तूर घरी आलेली असेल, जागल संपलेली असेल, कृषी केंद्रात माशा मारायची वेळ असेल. घरून डबा न्या, चाळीसचे दहावर येतील. एकला निघायचं नाही. पंपावर पडायला खोली असतेच, उजाडलं की निघा. चार महिन्यांत साडेअठरा हजार हातात पडतात, ते सरळ कर्जाच्या मुद्दलात टाका. रोहिण्या लागल्या की शेवटचा दिवस, हे मॅनेजरला आजच सांगून ठेवा. तो म्हणेल असा हंगामी माणूस आम्हाला चालत नाही. उन्हाळ्यात, लग्नसराईत, पंपावरची पोरं निम्मी गावी पळतात. तेव्हा त्याला चालेल.

आणि जायच्या आधी बँकेत २० रुपये वर्षाचा अपघात विमा सुरू आहे का बघून घ्या. दोन लाखांचा असतो. पुष्कळांच्या खात्यात शिल्लक नसते म्हणून तो गुपचूप बंद पडलेला असतो.

बाबांना माझा रामराम सांगा.

ता. क. माझ्याकडे सोळा लिटरचा बॅटरी पंप आहे, दोन सालांपासून सज्ज्यावर पडलेला. चालू केला की आवाज येतो, पाणी येत नाही. पांढरकवड्याला लग्नाला यायचंय, येताना घेऊन येतो. तुम्ही पत्रावर दुकानाचा पत्ता टाकलाय. मजुरी शंभर, स्पेअर वेगळे. मी मामाच्या बाजूचा समजा.